बाबांसाठी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? (आणि गाडीत एवढा मोबाइल कशाला?)

वळणावळणाने | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, पार्श्वभूमी जरा लांबलचक.

बाबा वाईला राहतात. वय ७४, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे २०११ची छोटी पेट्रोल गाडी आहे. येत्या मे महिन्यात तिला १५ वर्षं होतील, म्हणजे पुन्हा नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर आणि साताऱ्याच्या आरटीओत खेटे. गाडी ठणठणीत आहे असं बाबांचं मत. क्लच गेलाय असं माझं मत. त्यांचं फिरणं महिन्याला फार तर ४०० किलोमीटर. मंडई, बँक, आठवड्यातून एकदा पसरणीचा घाट चढून पाचगणीला मित्राकडे बुद्धिबळ, आणि मधूनच साताऱ्याला डॉक्टर.

मी स्वतः पुण्यात अडीच वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय, ३१,००० किलोमीटर झाले. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्याच भांडणात जाईल. तर गाडी म्हणून मी खूश आहे. आवाज नाही, गिअर नाही, सिंहगड रोडच्या गर्दीत डावा गुडघा वाचला. अडीच वर्षांत सर्व्हिसिंगचा खर्च पूर्वीच्या गाडीच्या एका वर्षाएवढाही नाही.

तक्रार दुसऱ्याच गोष्टीची आहे. जुलैत एका रात्री गाडीने आपणहून अपडेट घेतलं. सकाळी आम्ही वाईला निघालो. खंबाटकीत धो धो पाऊस, पुढची काच धुरकटली. ती साफ करायचं बटण आदल्या दिवशीपर्यंत स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर होतं, ते आता दोन पानं आत गेलेलं. बायको शोधतेय, मी ट्रकच्या लाल दिव्यांच्या अंदाजाने चालवतोय. शेवटी मुलीने मागच्या सीटवरून रुमाल दिला आणि काच हाताने पुसली.

शिवाय गाडीचं चार्जिंग किती झालं हे फोनवर बघायची सोय आधी फुकट होती. फेब्रुवारीपासून त्याचे पैसे. माझीच गाडी, माझ्याच पार्किंगमध्ये, माझ्याच विजेवर.

तर प्रश्न दोन. बाबांना इलेक्ट्रिक घेऊन द्यावी का? आणि ज्यात मोबाइल कमी आणि गाडी जास्त आहे अशी इलेक्ट्रिक मिळते का?

नुस्ता_वाचक | रात्री ९:२२

चहा ठेवलाय. चालू द्या.

काटेकोर | रात्री १०:०५

आधी पैशाचं बघू. चुकलं तर सांगा.

छोटी इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला ७ किलोमीटर देते. घरची वीज सगळे आकार मिळून १० रुपये युनिट धरली तर किलोमीटरला दीड रुपया. पेट्रोल १०४ रुपये आणि १५चं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. फरक साडेपाचचा. वर्षाला ४,८०० किलोमीटर म्हणजे बचत २६,४०० रुपये. त्याच आकाराच्या दोन गाड्यांच्या किमतीत ३ लाखांचा फरक असेल तर तो वसूल व्हायला ११ वर्षांच्या वर लागतील. बाबा तेव्हा ८५चे. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला रस्ता कर नाही आणि १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आहे, तो वजा केला तरी ८ वर्षं कुठे गेली नाहीत. त्यात यंदा २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८चा १८ झाला. इलेक्ट्रिकचा २०१९पासून ५च आहे. म्हणजे दोघींतलं अंतर वाढलंच.

गंमत अशी की जो रोज शंभर किलोमीटर फिरतो त्याचे पैसे वसूल होतात पण त्याला चार्जिंगची धाकधूक, आणि जो मंडईपुरता फिरतो त्याला धाकधूक नाही पण त्याचे पैसे वसूल होत नाहीत.

वळणावळणाने | रात्री १०:३१

काटेकोर, पटलं. पण बाबांच्या बाबतीत पैशापेक्षा गुडघा महत्त्वाचा आहे. घाटात क्लच-गिअर करून ते संध्याकाळी पाय शेकत बसतात, आणि कबूल करत नाहीत.

पापुद्रा | रात्री १०:४८

मग ऑटोमॅटिक पेट्रोल घ्या की! गुडघ्यासाठी बॅटरी कशाला?

(तरी मी स्वतः इलेक्ट्रिकवालीच आहे. सोसायटीशी चौदा महिने भांडून चार्जर बसवलाय. त्यावर सविस्तर लिहिते उद्या, आत्ता रक्तदाब वाढेल.)

चेतकवाला | ९ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

हल्लीची मुलं रेंज, रेंज करतात म्हणून हसू येतं. माझ्या चेतकला पेट्रोलचा काटाच नव्हता. पायाशी रिझर्व्हची खुंटी होती. गाडी गचके खायला लागली की वाकून ती फिरवायची आणि पंप शोधायचा. खुंटी आधीच फिरवलेली निघाली तर? तर स्कूटर आडवी करायची, तळातलं पेट्रोल एका बाजूला आणायचं, उभी करून किक मारायची. निम्म्या महाराष्ट्राने ती अशी आडवी केलेली आहे. ज्यांच्या लग्नाआधी नंबर लावला होता त्यांची चेतक पहिल्या मुलाच्या बारशाला आली, हेही सांगून ठेवतो.

२०२०मध्ये चेतक चाकणहून विजेवर परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मुलाने घेऊन दिली. उत्तम चालते. फक्त सवयीने मी तिला अजून अधूनमधून तिरकी करतो आणि नातू म्हणतो, आजोबा, आत काही हलणारं नाहीये.

तुमचे बाबा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. घ्या खुशाल.

शंकासुर | सकाळी ८:४०

आरती चालू आहे तोवर एक अपशकुन. आपल्या देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज अजून कोळशावर होते. म्हणजे धूर वाईत नाही, चंद्रपुरात. तुमची गाडी स्वच्छ नाही, तिची धुराडी लांब आहे एवढंच.

काटेकोर | सकाळी ९:०२

शंकासुर, निम्मं बरोबर. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातल्या उष्णतेचा पाव हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा चाकांपर्यंत जातो, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे हवेत. मोटर बॅटरीतल्या विजेचा ९०च्या आसपास टक्के उपयोग करते. तेव्हा कोळशावरची वीज धरूनही हिशेब पेट्रोलहून वाईट येत नाही. पण "झिरो पोल्युशन" हे स्टिकर मलाही खटकतं. आणि बॅटरी बनवतानाचा धूर वसूल व्हायला गाडी पुरेशी चालावी लागते, म्हणजे महिन्याला ४०० किलोमीटरवाल्या बाबांचा इथेही तोटाच.

शंकासुर | सकाळी ९:०९

माझं निम्मं बरोबर असं कुणी लिहून दिल्याची ही पहिलीच वेळ. फ्रेम करतो.

तिरफळ | सकाळी ११:२७

कुडाळहून लिहितोय. मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा सगळीकडे इलेक्ट्रिकनेच जातो. आता हायवेला चार्जर भरपूर झालेत, प्रश्न चार्जरच्या संख्येचा राहिला नाही.

प्रश्न असा की प्रत्येक चार्जरचं अ‍ॅप वेगळं. माझ्या फोनमध्ये आज नऊ अ‍ॅप आहेत आणि प्रत्येकाच्या पाकिटात अडकलेले पैसे, कुठे ८३, कुठे २१७. टपरीवर दहा रुपयांचा चहा यूपीआयने मिळतो, पण विजेसाठी आधी पाकिटात पाचशे टाका, मग ओटीपी, आणि घाटाच्या पायथ्याला ओटीपी यायला नेटवर्क नाही. गणपतीत एका ठिकाणी हॉटेलवाल्याने सरळ सांगितलं, चार्जर चालू आहे पण जेवणार असाल तर. जेवलो. सुरमई बरी होती. जेवण होईपर्यंत गाडी ८० टक्के झाली, आणि चौघांचं बिल विजेच्या चौपट.

एक अनुभवाचा सल्ला, ८०च्या पुढे फास्ट चार्जरवर थांबू नका. शेवटच्या वीस टक्क्यांना जवळजवळ आधीच्या साठाएवढा वेळ लागतो आणि मागे रांगेतले लोक तुमच्या पूर्वजांची आठवण काढतात.

संत्रावाला | दुपारी १:१५

नागपूर ते मुंबई समृद्धीने गेलो आहो भाऊ, ७०१ किलोमीटर, जूनमध्ये शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर. यंदाच्या राज्याच्या धोरणात समृद्धी, पुणे-मुंबई द्रुतगती आणि अटल सेतू, तिन्हीवर इलेक्ट्रिक कारले टोलमाफी आहे, तो फायदा मोठा.

पण १२०ने हाणली त बॅटरी डोळ्यादेखत उतरते बाप्पा. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढते, ८०च्या जागी १२० केलं त सव्वादोन पट. ९०वर धरली त हिशेबात बसते. मंग बाजूने ट्रकवाला हॉर्न देत जाते, ते ऐकायची तयारी ठेवा.

पापुद्रा | दुपारी ३:५०

हं, सोसायटी. तीन ओळींत संपवते. आधी म्हणाले आग लागेल. मग म्हणाले लिफ्टचा लोड जाईल. मग म्हणाले आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील. त्यावर मी म्हटलं, हो, तोच तर मुद्दा आहे! घरच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय, ती प्रत छापून सभेत वाटली. शेवटी स्वखर्चाने माझ्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल. आता सेक्रेटरींनी स्वतः इलेक्ट्रिक बुक केलीय आणि मला विचारतात, वायरमन कोण होता हो?

मूळ लेखकाच्या दुसऱ्या प्रश्नाशी मी शंभर टक्के सहमत. माझ्या मिक्सरला एकच खटका आहे, त्यावर १, २, ३ आणि उलटं फिरवलं की झटका. बावीस वर्षं झाली. चटणी वाटताना बघावंही लागत नाही, हाताला माहीत आहे. वॉशिंग मशीन मात्र वायफायवालं आणलं. कपडे धुऊन झाले की फोनवर कळवतं. अगं बाई, कपडे धुतले हे कळून काय करू, वाळत घालायला मलाच जायचंय! मागच्या महिन्यात वायफायचा पासवर्ड बदलला तर ते चार दिवस रुसलेलं. धूत होतं, पण लाल दिवा लावून.

नुस्ता_वाचक | दुपारी ४:०१

"धूत होतं, पण लाल दिवा लावून." आमच्याकडे हे काम माणसं करतात.

वायरमन_काका | संध्याकाळी ७:३०

सगळी गाडीवर बोलाय लागलाय, पॉइंटवर कोण बोलंना. तीस वर्षं इचलकरंजीत वायरिंग करतोय, तेवढं ऐका.

गाडीसंगं जो चार्जर देत्यात तो १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालतोय. पण गीझर वीस मिनिटं ओढतोय नि गाडी रातभर ओढती, ह्यो फरक ध्यानात घ्या. साधा सॉकेट दोन महिन्यांत पिवळा पडतोय, मग काळा. मीटरपासनं स्वतंत्र वायर घ्या, तांब्याची, ४ स्क्वेअर एमएम जाडीची. स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की पडतोय तो खटका) नि आरसीसीबी (करंट गळाय लागला की तोडतोय तो). सॉकेट इंडस्ट्रियल.

नि सगळ्यात मोठं, अर्थिंग. चार्जर आधी अर्थिंग तपासतोय, नसंल तर लाल दिवा लावून गप बसतोय. लोक गाडीला शिव्या देत्यात, नि जुन्या घरात अर्थिंगची हिरवी तार भिंतीत जाती नि तिथंच संपती! वाईतलं घर जुनं असंल तर आधी ते बघा. मीटर लावून न्यूट्रल नि अर्थ यांच्यात व्होल्टेज बघायचं, तीन-चारच्या वर दाखवाय लागलं तर काम हाय.

वळणावळणाने | रात्री ८:१२

काका, घर १९७८चं. आई तीन वर्षं म्हणतेय की गीझर चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात. आम्ही म्हणायचो, थंडीने येत असतील.

वायरमन_काका | रात्री ८:१४

गीझर आत्ताच्या आत्ता बंद करा. थट्टा न्हवं. फोन लावा घरी.

वळणावळणाने | रात्री ८:२१

लावला. बंद केला. आई म्हणाली, "तुला अनोळखी माणसाने सांगितलं की पटतं."

उत्तरध्रुव | रात्री ११:५५

ऑस्लोहून. इथे गेल्या वर्षी विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, तेव्हा इथे हा धागा कुणी काढला तर लोक म्हणतील, दुसरी कुठली असते? उणे पंधराला रेंज पावपट ते तिसरा हिस्सा कमी होते, लोक तेवढी धरूनच निघतात. तुम्हाला वाईत ती चिंता नाही. तुमच्याकडे उन्हाची चिंता आहे, पण एसी तासाला एखाद-दीड युनिट खातो, त्याने एवढं बिघडत नाही.

स्क्रीनचं म्हणाल तर दिलासा आहे. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप संस्था जानेवारी २०२६पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक या पाच गोष्टींना खरी बटणं असतील तरच पैकीच्या पैकी गुण देणार आहे. काच साफ करायचं बटण मात्र त्या यादीत नाही. तुमच्या मुलीचा रुमाल सांभाळून ठेवा.

शंकासुर | १० नोव्हेंबर, सकाळी ७:४८

हॉर्नला बटण असावं असा नियम करावा लागतोय? हिंजवडीत स्क्रीनवर हॉर्न असलेली गाडी घेऊन फिरा, बोटाचा ठसा पुसला जाईल.

भाजणी | सकाळी १०:२०

आवाजाने चालणारी सोय कुणी वापरलीय का? फोनमध्ये मराठी बऱ्यापैकी कळतं आता. आमच्या गाडीत मात्र अजून हिंदी-इंग्रजीच. माझ्या सासऱ्यांनी गाडीला फार अदबीने सांगितलं, "अहो, जरा गार कमी करता का?" गाडी म्हणाली, "मुझे समझ नहीं आया." सासरे म्हणाले, "असू दे, असू दे," आणि स्वेटर घातला.

काटेकोर | सकाळी १०:४४

हाहा. भाजणी, हे आख्ख्या धाग्याचं...

असो. काल कुणीतरी फोनवर विचारलं की गाडीचं चार्जिंग ८० टक्क्यांवरच थांबवायचं का, मोबाइलसारखं. बॅटरी कोणती ते बघा. भारतातल्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी असते. तिचा व्होल्टेज भरलेली असो वा निम्मी, जवळपास सपाटच राहतो, म्हणून किती चार्ज उरला याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. अधूनमधून १०० टक्के भरली की अंदाज जागेवर येतो, कंपन्याही तसंच सांगतात. मोबाइलच्या बॅटरीची जात वेगळी, तिला १००वर तासन् तास ठेवलं की ती लवकर म्हातारी होते, तिथे ८०चं बंधन ठीक. फोनची सवय गाडीला लावू नका.

पसरणी घाटाचंही गणित करून ठेवलंय, कुणी विचारलं नसलं तरी. वाई ते पाचगणी चढ सुमारे ६०० मीटरचा. गाडी आणि माणसं मिळून १६०० किलो. तेवढं वजन तेवढं उचलायला २.६ युनिट. शिवाय १२ किलोमीटर चालायचे दीडेक. म्हणजे चढताना ४ युनिट, २४-२५ युनिटच्या बॅटरीतले १६ टक्के. उतरताना मोटर उलटी चालून वीज परत भरते, त्यातले दीड युनिट, म्हणजे ६ टक्के परत मिळावेत. ब्रेकला पाय न लावता उतरता येतं हा वेगळा फायदा. पाचगणीहून १०० टक्के भरून निघू नका फक्त, भरलेल्या हंड्यात पाणी कुठे घालणार?

सदाफुली | दुपारी १२:३६

एक धोक्याची सूचना, कुणी सांगत नाही म्हणून. आम्ही गाडी तीन आठवडे विमानतळाच्या पार्किंगमध्ये ठेवून गेलो. परत आलो तर दारच उघडेना. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली! पण गाडीत १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी पण असते, साध्या गाडीतल्यासारखी. दारं, दिवे, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले तिच्यावर चालतात. ती झोपली की सगळं झोपलं. किल्लीच्या आत लपवलेली लोखंडी किल्ली आहे हे मला कंपनीच्या फोनवरच्या मुलाने सांगितलं. मग एका टॅक्सीवाल्या दादांनी जंप स्टार्ट केबल काढली आणि त्यांच्या डिझेल गाडीवरून माझी इलेक्ट्रिक चालू केली. दोनशे रुपये घेतले आणि म्हणाले, "ताई, भविष्य ढकललं मी."

नुस्ता_वाचक | दुपारी १२:४०

त्या दादांना सभासद करून घ्या.

चेतकवाला | दुपारी २:०५

बघा! शेवटी ढकलायला माणूस लागलाच.

मधमाशी_कोथरूड | दुपारी ४:१५

सगळ्यांचं वाचलं. मला एक कळत नाही, चार्जिंग फोनवर बघायचे पैसे का द्यायचे? गाडीत जाऊन बघा. पूर्वी पेट्रोल किती आहे ते घरात बसून कळायचं का?

पापुद्रा | दुपारी ४:३३

मधमाशी, मुद्दा पैशाचा नाही. घेताना जे "गाडीत आहे" म्हणून दाखवलं ते पुढे "गाडीत होतं" होतं, हा आहे. टीव्हीचंही तेच. घेतला तेव्हा चालू केला की बातम्या लागायच्या. आता आधी जाहिरात लागते, माझ्याच भिंतीवर. विकत घेतलेल्या वस्तूत विकणाऱ्याने मागाहून हात घालायचा नाही, एवढंच म्हणणं. आमच्या दारातली फळी सुताराने रात्री येऊन बदलली असती तर चाललं असतं का?

मधमाशी_कोथरूड | दुपारी ४:५०

पण अपडेटने माझ्या गाडीची रेंज वाढली हो, खरंच. घाटात उतरताना वीज जास्त परत मिळायला लागली. सुताराने फुकटात फळी जाड केली तर मी नाही म्हणणार नाही.

पापुद्रा | दुपारी ४:५८

विचारून करू दे की मग! दार वाजवून.

वळणावळणाने | दुपारी ५:२०

पापुद्रा, हेच. मला अपडेट नको असं नाहीच. पावसाळ्यात काचेचं बटण हलवू नका, एवढंच.

व्यवस्थापन | संध्याकाळी ६:००

सेक्रेटरी, चेअरमन आणि सोसायट्यांवरचे एकोणीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे भांडावे.

तिरफळ | संध्याकाळी ६:४०

मूळ प्रश्न राहूनच गेला. बाबांचं काय ठरलं?

वळणावळणाने | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

उशिराबद्दल माफी. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या.

पहिली, मी हा सगळा धागा छापून बाबांना दिला. त्यांनी चष्मा लावून दोन दिवसांत वाचला आणि लाल पेनने दुरुस्त केला. शंकासुर यांचं शुद्धलेखन सर्वांत चांगलं आहे असा निरोप आहे. काटेकोर यांच्या हिशेबाला दहापैकी नऊ, एक गुण "पायऱ्या नीट लिहिल्या नाहीत" म्हणून कापला. संत्रावाला यांच्या "वर्गाने वाढते"खाली बरोबरची खूण आहे आणि समासात "वा!"

दुसरी, रविवारी साताऱ्याहून शोरूमचा मुलगा छोटी इलेक्ट्रिक घेऊन आला. बाबा, मी आणि तो असे पाचगणीला गेलो. बाबांनी चालवली. पहिल्या दोन वळणांवर डावा पाय हवेत क्लच शोधत होता, मग सुटला. वर पोचलो तेव्हा १७ टक्के गेले होते. खाली आल्यावर ६ परत. काटेकोर, तुमचा दहावा गुण मी देतो.

खाली उतरून बाबांनी त्या मुलाला दोनच प्रश्न विचारले. स्टेपनी कुठेय? त्याने हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चरच्या औषधाची बाटली दाखवली. बाबांनी बाटली उलटसुलट करून वाचली आणि परत दिली. दुसरा प्रश्न, ही स्क्रीन बंद कशी करायची? तो म्हणाला, सर, उजेड कमी करता येतो, पूर्ण बंद नाही होत. बाबांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि स्क्रीनवर टाकला. म्हणाले, "आता चालेल."

आई म्हणतेय की पूर्वी टीव्हीला होतं तसं क्रोशाचं कव्हर करून देते, माप आणा.

गाडी अजून ठरलेली नाही. स्टेपनीवर अडलंय. मे महिना लांब आहे असं बाबा म्हणतात. पण शुक्रवारी मागच्या अंगणात कडुनिंबाच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा घेतला. तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ, सगळं काकांनी सांगितलं तसं. गीझरची वायर पण बदलली. आईने काल नळाला हात लावून बघितला, दोनदा.

वायरमन_काका | रात्री १०:०२

झ्याक. न्यूट्रल-अर्थ किती दाखवतंय?

वळणावळणाने | रात्री १०:०९

१.२ व्होल्ट. बाबांनी वहीत लिहून ठेवलंय.

वायरमन_काका | रात्री १०:११

एक नंबर. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी वतत जावा, कोरडा पडू द्यू नका.

वळणावळणाने | रात्री १०:१५

आई तुळशीला घालते तेव्हाच एक तांब्या तिकडे घालायचा, असं आजच ठरलंय.